पाण्यात कमी झालेलं वजन जातं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. नववीतल्या मुलीने शाळेत ताणकाट्याला (स्प्रिंगच्या काट्याला) दगड अडकवून तो पाण्यात सोडला आणि काट्यावरचा आकडा उतरलेला पाहिला. वहीत निष्कर्ष लिहून घेतला: पाण्यात वस्तूचं वजन कमी भरतं. घरी येऊन तिने वडिलांना विचारलं, ‘म्हणजे पाण्यात गुरुत्वाकर्षण कमी होतं का? आणि होत नसेल, तर कमी झालेलं वजन गेलं कुठे?’ त्यातच तिच्या पाहण्यात एक व्हिडिओ आला. त्यात एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, की गुरुत्वाकर्षण वगैरे काही नसतंच. दाट वस्तू खाली जातात, विरळ वस्तू वर जातात, सगळा घनतेचा खेळ आहे. वडिलांचं म्हणणं, हे चूक आहे एवढं कळतं, पण नेमकं कुठे चुकतंय ते मुलीला सांगता येत नाही.

मी बरीच वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आहे. तिचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. ‘कमी होतं’ एवढं लिहून पुढच्या प्रकरणाकडे वळणारी मुलं पुष्कळ असतात. ‘गेलं कुठे’ असं विचारणारी थोडी.

आधी सरळ उत्तर देते. पाण्यात गुरुत्वाकर्षण तसूभरही कमी होत नाही. दगडाचं वजन कुठे जातही नाही. आधी ते सगळं ताणकाटा पेलत होता, आता त्यातला काही भार पाणी पेलतं आणि पाण्यामार्फत तो भांड्याच्या तळावर येतो. तिसरी गोष्ट म्हणजे, प्लावक बल, म्हणजे पाणी वस्तूला ज्या बलाने वर ढकलतं ते, हे गुरुत्वाकर्षणाच्या विरोधात उभं राहिलेलं वेगळं, स्वतंत्र बल नव्हे. पाण्याला वजन आहे म्हणूनच ते निर्माण होतं. पाण्याचं वजन काढून घेतलं तर प्लावक बलही त्याच क्षणी संपतं. त्या व्हिडिओतला सगळा डोलारा इथेच कोसळतो, पण त्याच्याकडे नंतर येते.

शाळेतला तो प्रयोग अर्धाच केला जातो, खरी मेख तिथे आहे. दगड कशाला टांगलाय ते आपण पाहतो. पाणी कशावर ठेवलंय ते पाहत नाही. म्हणून एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणा आणि पाण्याचं चंचुपात्र त्याच्यावर ठेवा. पात्र आणि पाणी मिळून १००० ग्रॅम भरतात असं धरू. शेजारी टेबलावर एक स्टँड, त्याला ताणकाटा, ताणकाट्याला दोऱ्याने ५०० ग्रॅमचा दगड. स्टँडचा पाया वजनकाट्यावर येता कामा नये, नाहीतर सगळाच गोंधळ. दगडाची घनता पाण्याच्या अडीचपट धरली तर त्याचं आकारमान २०० घन सेंटिमीटर होतं. ताणकाटा खरं तर बल मोजतो, पण त्याच्या पट्टीवर ग्रॅमच्याही खुणा असतात, सोयीसाठी त्याच वाचू.

दगड हवेत आहे तोवर वरचा काटा ५०० दाखवतो, खालचा १०००. आता स्टँड हळूहळू खाली घ्या. दगड अर्धा बुडाला की वर ४००, खाली ११००. पूर्ण बुडाला, पण तळाला टेकलेला नाही: वर ३००, खाली १२००. अजून खाली घेतला तरी आकडे जागचे हलत नाहीत. मग दगड तळाला टेकला, दोरा सैल पडला: वर शून्य, खाली १५००. प्रत्येक टप्प्यावर दोन आकड्यांची बेरीज करायला सांगा. ती कायम १५०० येते. वर जेवढं घटलं, तेवढंच खाली वाढलं. हा आहे ‘गेलं कुठे’चा हिशोब, आणि तो मुलीने स्वतः मांडला तर पुस्तकातला नियम पाठ करण्याची वेळच येत नाही.

या प्रयोगात मुलं एका जागी हमखास अडतात. ‘दगड तळाला टेकलेलाच नाही, मग खालच्या काट्याला त्याचा पत्ता कसा लागला?’ शंका रास्त आहे. दगड आत गेला की पाण्याची पातळी चढते. २०० घन सेंटिमीटर पाणी वरून ओतलं असतं तर जेवढी चढली असती, तेवढीच. पातळी चढली की तळावरचा पाण्याचा दाब वाढतो, आणि काट्याला फक्त तळावरचा जोर कळतो. तिथे दगड बुडवलाय की २०० मिलिलिटर पाणी वाढवलंय, हे त्याला ओळखता येत नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने सांगायचं तर पाणी दगडाला १.९६ न्यूटन बलाने वर ढकलतं, म्हणून दगड पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलतो. वर्गात हा तिसरा नियम प्लावक बलाच्या धड्यात कुणी आणतच नाही, तो आधीच्या धड्यात ‘संपलेला’ असतो.

दगड, स्टँड यांतलं काहीच हाताशी नसेल तर घरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि पेल्याला कुठेही न टेकवता पाण्यात बोट बुडवा. आकडा वाढतो. बोटाच्या बुडालेल्या भागाने जेवढं पाणी बाजूला सारलं, बरोबर तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका. बोटाचं वजन मोजलं जातंय असं मुलांना वाटतं. तसं असतं तर कोणाचं बोट आहे, ते हाडामांसाचं आहे की लोखंडी सळई आहे, यानेही फरक पडला असता. बोटाएवढ्या जाडीची सळई तेवढीच खोल बुडवून बघा. आकडा तोच.

आता मूळ गोंधळाकडे. आपण ‘वजन’ म्हणतो तेव्हा डोक्यात दोन वेगळ्या राशी असतात. पहिली, पृथ्वी वस्तूला ज्या बलाने ओढते ती. ५०० ग्रॅमच्या दगडासाठी ही ओढ साधारण ४.९ न्यूटन आहे, हवेत, पाण्यात, तेलात, कुठेही. पाठ्यपुस्तकात वजनाची व्याख्या हीच असते. दुसरी राशी म्हणजे त्या वस्तूला जागेवर धरून ठेवायला काट्याला जे बल लावावं लागतं ते. काटा पृथ्वीची ओढ कधीच थेट मोजत नाही. त्याला फक्त स्वतःवर आलेला भार कळतो. वस्तू स्थिर असेल आणि तिला धरणारं दुसरं कुणी नसेल, तेव्हा या दोन राशी सारख्या येतात आणि आपल्याला त्या एकच वाटू लागतात. पाणी मदतीला आलं की त्यांची फारकत होते. लिफ्टमध्येही होते: ६० किलोचा माणूस काट्यावर उभा असताना लिफ्ट १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली, तर काटा ६६ किलोच्या आसपास दाखवतो. तेवढ्या वेळात पृथ्वीची ओढ वाढलेली नसते.

वस्तुमान ही यापेक्षा निराळी तिसरी गोष्ट. तिच्याबद्दल पुस्तकं पुरेसं सांगतात, मी फार थांबत नाही. एवढंच, की गुरुत्व त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढ्या मीटर प्रति सेकंदाने वाढतो तो आकडा, हाही सगळीकडे ९.८ नसतो. विषुववृत्तावर ते ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ च्या जवळ असतं. विषुववृत्तावर १०० किलो दाखवणारा स्प्रिंगचा काटा ध्रुवावर त्याच वस्तूला सुमारे अर्धा किलो जास्त दाखवेल. दोन पारड्यांचा तराजू मात्र दोन्हीकडे तेच सांगेल, कारण तिथे वस्तू आणि मापं दोघांवरची ओढ एकाच पटीत बदलते.

पाणी वर ढकलतं ते का? ‘वर ढकलणं हा पाण्याचा गुणधर्मच आहे’ असं उत्तर मी बऱ्याच वह्यांत वाचलंय. हे उत्तर नव्हे, प्रश्नच पुन्हा लिहिलेला आहे. कारण दाबात आहे, आणि आकडे घेतले की ते ढळढळीत दिसतं.

१० सेंटिमीटर बाजूचा एक घन पाण्यात धरा. त्याचा वरचा पृष्ठभाग पाण्याखाली २० सेंटिमीटरवर, म्हणजे खालचा ३० वर. वरच्या पृष्ठभागावर पाण्याचा दाब १९६० पास्कल, क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर, म्हणून खाली ढकलणारं बल १९.६ न्यूटन. खालच्या पृष्ठभागावर दाब २९४० पास्कल, म्हणून वर ढकलणारं बल २९.४ न्यूटन. बाजूंवरची बलं समोरासमोर एकमेकांना खाऊन टाकतात. उरले ९.८ न्यूटन, वरच्या दिशेने. एक लिटर पाण्याचं वजन नेमकं एवढंच असतं. आता हाच घन दोन मीटर खोल न्या. वरून १९६ न्यूटन, खालून २०५.८ न्यूटन. फरक पुन्हा ९.८. खोल गेल्यावर दाब वाढतो, मग प्लावक बलही वाढत असेल, ही पक्की बसलेली समजूत इथे निघून जाते. बल दाबामुळे येत नाही, वरच्या आणि खालच्या दाबातल्या फरकामुळे येतं, आणि तो फरक वस्तूच्या उंचीवर ठरतो, खोलीवर नाही.

वेड्यावाकड्या दगडाचं काय, तिथे पृष्ठभाग मोजत बसायचं का? नाही. इथे मला भौतिकशास्त्रातला एक अतिशय देखणा युक्तिवाद सांगायचा आहे. दगड बाजूला ठेवा आणि नुसत्या पाण्यात मनातल्या मनात दगडाच्याच आकाराची एक सीमारेषा आखा. त्या सीमेच्या आतही पाणी, बाहेरही पाणी. आतल्या पाण्याला वजन आहे, तरी ते खाली जात नाही, वरही येत नाही, जागच्या जागी राहतं. म्हणजे बाहेरचं पाणी त्याला त्याच्याच वजनाइतक्या बलाने वर धरून आहे. आता आतलं पाणी काढून त्या जागी दगड ठेवा. बाहेरच्या पाण्याच्या दृष्टीने काय बदललं? काहीच नाही. ते त्या सीमेवर पूर्वीइतकंच ढकलत राहणार. आत पाणी होतं तेव्हा ते बल आतल्या पाण्याच्या वजनाइतकं होतं. दगड आला तरी तेवढंच. आर्किमिडीजचं तत्त्व एवढंच आहे. आत दगड असो, लाकूड असो की रिकामा डबा, बाहेरच्या पाण्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

यातूनच मुलांना चकवणारी एक गोष्ट निघते. २०० घन सेंटिमीटरचा तळाशी बुडालेला दगड आणि त्याच आकारमानाचा तरंगणारा लाकडी ठोकळा, घनता पाण्याच्या ०.६ पट. कोणावर प्लावक बल जास्त? वर्गात जवळजवळ सगळे हात लाकडासाठी वर जातात. पण दगड पूर्ण बुडालाय, त्याच्यावर १.९६ न्यूटन. लाकूड तरंगतंय, म्हणजे त्याच्यावरचं प्लावक बल त्याच्या स्वतःच्या वजनाइतकं, १.१८ न्यूटनच्या आसपास. बुडालेल्याला जास्त आधार मिळतोय. त्याची गरजच त्याहून मोठी आहे.

आर्किमिडीजचं नाव आलंच आहे तर मुकुटाच्या गोष्टीबद्दल थोडं. ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या लिखाणात नाही. त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने ती सांगितली. त्यात मुकुट पाण्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजलं जातं. हिशोब करून पाहा. एक किलो शुद्ध सोन्याचं आकारमान सुमारे ५२ घन सेंटिमीटर. त्यात ३०० ग्रॅम सोन्याऐवजी चांदी मिसळली तर ते सुमारे ६५ होतं. फरक १३ घन सेंटिमीटर. मुकुट मावेल असं २० सेंटिमीटर व्यासाचं भांडं घेतलं तर पातळीतला फरक अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. विशीतल्या गॅलिलिओलाही ही पद्धत ढोबळ वाटली. १५८६ साली लिहिलेल्या एका छोट्या टिपणात त्याने सुचवलं, की मुकुट तराजूला टांगून पाण्यात तोलायचा. मग फरक थेट १३ ग्रॅमचा येतो आणि साध्या तराजूवरही कळतो. त्या मुलीने शाळेत केला तो प्रयोग जवळपास हाच.

आता गुरुत्वाकर्षण आणि प्लावक बल यांच्या नात्याकडे वळते. दाब खोलीनुसार वाढतो, कारण खालच्या थराला वरच्या थरांचं वजन पेलावं लागतं. दाबाच्या सूत्रातही ते दिसतं: घनता, खोली आणि गुरुत्व त्वरण यांचा गुणाकार. गुरुत्व त्वरणाच्या जागी शून्य घाला, दाबातला फरक शून्य, प्लावक बल शून्य.

हे कागदावर ठेवायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. भोकातून धार लागते. आता बाटली हातातून सोडून द्या. पडत असताना धार थांबते. बाटली आणि पाणी दोघंही एकाच त्वरणाने पडतायत, वरचा थर खालच्या थरावर रेलत नाही, म्हणून भोकाशी पाण्याला बाहेर ढकलायला जास्तीचा दाबच उरत नाही. मोबाइलवर हळू गतीचं चित्रण केलंत तर स्पष्ट दिसतं. गुरुत्वाकर्षण तर जागेवरच आहे, बाटली त्याच्याचमुळे पडतेय. मग काय नाहीसं झालं? एकाने दुसऱ्याला आधार देणं. म्हणून मी वर्गात म्हणते, प्लावक बलाला नुसतं गुरुत्वाकर्षण पुरत नाही. त्या द्रवाला कुणीतरी पडू न देता धरूनही ठेवलेलं असावं लागतं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात हेच सतत चालू असतं. ते पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं, आणि तिथे गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास आहे, म्हणजे जमिनीवरच्या जवळपास ८९ टक्के. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ हे वाक्य वृत्तपत्रांतही छापून येतं आणि ते साफ चूक आहे. स्थानक पडतच असतं: दर सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास पुढे जाताना जेवढं खाली येतं, तेवढाच खालचा पृथ्वीचा गोलावा वळून दूर जातो. आतली माणसं, पाणी, हवा सगळं सोबत पडतं. त्यामुळे तिथे पाण्याच्या गोळ्यात सोडलेला हवेचा बुडबुडा वर येत नाही, कारण ‘वर’ कुठलं ते ठरवणारा दाबाचा फरक नाही. मेणबत्तीची ज्योतही लांबट न होता गोलसर होते. गरम हवा हलकी होते, पण तिला उचलायला कुणी नाही.

चंद्रावर मात्र वेगळं घडतं. तिथलं गुरुत्व त्वरण १.६२, म्हणजे आपल्या एक षष्ठांश. तिथे बंद खोलीत, हवा भरून, पाण्याच्या बादलीत बर्फाचा तुकडा टाकला तर तो किती वर तरंगेल? ‘जास्त वर, कारण हलका झाला’ हे उत्तर ठरलेलं. पण बर्फ हलका झाला तसं पाणीही हलकं झालं. दोन्ही बाजूंचं गुरुत्व त्वरण कटून जातं आणि उरतो घनतांचा भागाकार, ९१७ भागिले १०००. इथे जवळपास ९२ टक्के बुडालेला, तिथेही तेवढाच. बदलेल ती घाई: खाली दाबून सोडलेला तुकडा तिथे वर येईल, पण रमतगमत.

आता तो व्हिडिओ. हे म्हणणं आकर्षक वाटतं, कारण त्यात अर्धं सत्य आहे. वस्तू पाण्यात किंवा हवेत वर जाणार की खाली, हे खरंच घनतांच्या तुलनेवर ठरतं. पण घनतेला दिशा नसते. घनता म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये किती ग्रॅम, बस. त्या आकड्यातून ‘खाली’ ही दिशा कुठून काढणार? दाट वस्तू डावीकडे का जात नाही? तिला खालीच जायला लावणारं काहीतरी हवं, आणि त्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. दुसरं, जिथे हवाही नाही, पाणीही नाही, तिथे घनतेची तुलना करायची कशाशी? १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉटने चंद्रावर एक हातोडा आणि एक पीस एकाच वेळी सोडलं. वर ढकलायला तिथे हवा नव्हती. दोन्ही खाली आले, आणि बरोबरच आले. घनतेच्या खेळाने हे सुटत नाही. आणि वस्तुमानं एकमेकांना ओढतात हे प्रयोगशाळेतही मोजता येतं. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ साली शिशाच्या गोळ्यांमधली ती ओढ मोजून दाखवली, तीही आडव्या दिशेने. तिथे घनतेने ‘खाली बसण्याचा’ प्रश्नच येत नाही.

मुलीला एकच गोष्ट विचारायला सांगा: प्लावक बलाच्या सूत्रातलं गुरुत्व त्वरण खोडलं तर उत्तर काय येतं? गुरुत्वाकर्षण नाकारून प्लावक बल शिल्लक ठेवणं म्हणजे पाया काढून घेऊन वरचा मजला तसाच राहील असं म्हणणं.

फुग्याबद्दलही तिने विचारलं असेल, नसेल तर विचारेल. हेलियमच्या फुग्यावर गुरुत्वाकर्षण चालत नाही का? चालतं. दहा लिटरच्या फुग्यातल्या हेलियमचं वस्तुमान पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, रबराचे दोन-तीन ग्रॅम धरा. पण त्याने बाजूला सारलेली हवा सुमारे १२ ग्रॅम आहे. पृथ्वी पाच ग्रॅमला खाली ओढतेय, हवा १२ ग्रॅमच्या जोराने वर ढकलतेय. हाच फुगा निर्वात नळकांड्यात न फुटता राहिला असता तर दगडासारखा खाली पडला असता. काचा बंद असलेल्या गाडीत दोऱ्याने बांधलेला असा फुगा असेल, तर गाडीने ब्रेक लावल्यावर माणसं पुढे झुकतात आणि फुगा मागे जातो. गाडीतली हवा पुढे रेटली जाते, पुढचा दाब किंचित वाढतो, आणि फुगा कमी दाबाकडे ढकलला जातो. प्लावक बल ‘वर’च असतं असं नाही; ते दाब कमी होत जातो त्या दिशेला असतं.

हवा आपल्यालाही उचलते. ६० किलोच्या माणसाचं आकारमान ६० लिटरच्या जवळपास, म्हणजे हवेचा आधार सुमारे ७० ग्रॅमचा. एवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण मापनशास्त्रात बिघडतं. प्लॅटिनम-इरिडियमचा एक किलो आणि स्टेनलेस स्टीलचा एक किलो हवेत तराजूवर ठेवले तर स्टीलचं आकारमान जास्त असल्यामुळे हवा त्याला जास्त उचलते, आणि फरक ९० मिलिग्रॅमच्या पुढे जातो. किलोग्रॅमची व्याख्या १८८९ पासून २०१९ पर्यंत प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलावर आधारलेली होती, तेव्हा त्याच्याशी स्टीलची मापं ताडून पाहताना ही दुरुस्ती करावीच लागे.

नियमाची एक हद्दही सांगून ठेवते. वस्तूच्या खाली पाणी पोचलंच नाही, म्हणजे तळाला ती अशी घट्ट चिकटली की मध्ये पाण्याचा थरही नाही, तर खालून ढकलणारं कुणीच नाही. तिथे आर्किमिडीजचं तत्त्व जसंच्या तसं लावता येत नाही. चिखलात रुतलेली वस्तू उपसायला जड जाते त्यात याचाही वाटा असतो.

परीक्षेत काय लिहायचं? पुस्तक ‘वजनात घट’ म्हणत असेल तर तिने ‘वजनातली आभासी घट’ लिहावं आणि पुढे एक वाक्य जोडावं: ही घट प्लावक बलाइतकी असते, पृथ्वीची ओढ तीच राहते. कुठलाही परीक्षक याचे गुण कापणार नाही. गणित सोडवताना प्रत्येक वस्तूसाठी वेगळी बलांची आकृती काढायची सवय मात्र आत्ताच लावा. दगडाची वेगळी, पाण्याची वेगळी, पात्राची वेगळी. एकाच आकृतीत सगळे बाण कोंबले की कोणतं बल कोणावर आहे याचा पत्ता लागत नाही, आणि नव्वद टक्के चुका तिथेच होतात असं माझं मत आहे.

हे सगळं तिच्या गळी उतरलंय की नाही ते पाहायला एक कोडं द्या. तराजूच्या दोन पारड्यांत दोन सारखी पात्रं, दोन्हींत सारखंच पाणी. डावीकडे बाहेरच्या स्टँडला टांगलेला स्टीलचा गोळा पाण्यात पूर्ण बुडवलाय, तळाला न टेकवता. उजवीकडे तेवढ्याच आकाराचा टेबलटेनिसचा चेंडू दोऱ्याने पात्राच्या तळालाच बांधून पाण्याखाली ठेवलाय. कोणतं पारडं खाली जाईल? स्टीलचा भार तर स्टँडवर आहे, असं म्हणून पुष्कळ जण उजवीकडे बोट दाखवतात. काही जण दोन्हीकडे प्लावक बल सारखंच म्हणून तराजू सरळ राहील म्हणतात. प्लावक बल दोन्हीकडे सारखं आहे हे खरं. पण उजवीकडे चेंडू पाण्याला जेवढं खाली ढकलतो, त्यातलं बहुतेक सगळं दोरा पात्राचा तळ वर ओढून परत घेतो. शिल्लक राहतं ते चेंडूचं स्वतःचं वजन, २.७ ग्रॅम. डावीकडे तसा दोरा नाही. गोळ्याचा दोरा बाहेरच्या स्टँडला आहे. तिथे बाजूला सारलेल्या पाण्याचा सगळा भार पारड्यावर येतो, आणि ४० मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यासाठी तो साडेतेहतीस ग्रॅम भरतो. डावं पारडं खाली जातं. तिने ‘डावं’ म्हटलं तरी लगेच हो म्हणू नका; दोन्ही पात्रांच्या बलांच्या आकृत्या काढून मागा.